मंत्रिमहोदय, आमच्या चिंचेला झुडूप म्हणू नका

मा. ऊर्जामंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बालाघाटाच्या माळावरचा साडेतीन एकराचा शेतकरी. त्याआधी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यामुळे मोठ्या माणसांशी बोलायची सवय कमी आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायची जास्त. काही उणंअधिक लिहिलं गेलं तर माफी आत्ताच मागून ठेवतो, पुढे जमेल असं वाटत नाही.

मंगळवारी माझ्या हातात पंचनामा पडला. झालं असं की एप्रिलमध्ये पवनचक्कीचं पातं घेऊन आलेला ट्रेलर आमच्या वळणावर वळेना. पातं म्हणजे केवढं, तर एकामागं एक सहा एसट्या उभ्या करा, तेवढं. मग गुत्तेदारानं रातोरात जेसीबी घातला. बांध फोडला, विहिरीवरून आलेली पाईपलाईन फोडली आणि बांधावरची चिंच आडवी केली. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायच्या कामावर जायची, तिथून येताना पदरात बांधून आणलेल्या चिंचोक्याची ती चिंच. दर साली तिची चिंच आम्ही बार्शीला घालायचो, सणाचा बाजार त्यात भागायचा.

तालुक्याला बैठक झाली. तिथल्या साहेबांनी माईकवरून शब्द दिला: आठ दिवसांत पंचनामा, महिन्यात मावेजा, म्हणजे भरपाई. टाळ्यासुद्धा वाजल्या, त्यात माझ्याही होत्या. अडीच महिन्यांनी कागद आला, त्यात लिहिलंय ‘झुडूप, 1 नग’. पाईपलाईनचा उल्लेखच नाही. बांध ‘पूर्ववत आढळला’. त्या बांधातून परवासुद्धा क्रेन गेली, साहेब. पंचनामा करणारा शेतात आला होता की टपरीवरच त्यानं सगळं पाहिलं, एवढं तरी कळवा.

आता तुमचे अधिकारी तुम्हाला सांगतील की हा माणूस विकासाच्या आड येतोय. म्हणून आधीच लिहितो, मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. 2015 ला परळीच्या औष्णिक केंद्राचे संच पाण्यावाचून बंद पडले ते आम्ही पाहिलंय. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, वाऱ्याच्या विजेला ना पाणी ना कोळसा, राख नाही, धूर नाही. सोलरवाले सगळं रान झाकून टाकतात, इथं पंख्याच्या बुडाशी तूर पेरता येते. हे सगळं मला मान्य आहे.

पण वाऱ्याचंही वेळापत्रक असतं आणि ते आमच्या एसटीपेक्षा विचित्र. सेकंदाला तीनेक मीटर वारा असल्याशिवाय चाक फिरत नाही, पंचवीसच्या वर गेला की ते स्वतःच थांबतं. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि अर्धा झाला की आठवा भाग उरतो. आमच्याकडं वाऱ्याचा जोर जून ते सप्टेंबर. तेव्हा पाऊस असतो, मोटार कोण लावतो? डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा माळावरचे निम्मे पंखे झोपलेले. आणि त्या दिवसांत आमची थ्री-फेज येते रात्री. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीला वीज तुम्ही मोफत केलीत, आभारी आहे. फक्त ती रात्री दोन वाजता घ्यायला बॅटरी आणि काठी घेऊन जावं लागतं.

माझ्या घरापासून सगळ्यात जवळचा पंखा मी टेपनं मोजला. 310 मीटर. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून 500 मीटर अंतर लिहिलेलं आहे, ते का, तर आवाजासाठी. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, “काका, तुमचं घर आमच्या नकाशात नाही.” माझा बाप त्या घरात मेला.

आवाज कसा असतो ते मुंबईत कळणार नाही. पिंजारी दारात बसून रात्रभर कापूस पिंजतोय असं समजा. आणि थंडीत सूर्य चाकामागून वर आला की पात्यांची सावली ओसरीवरून फिरते, घरातला बल्ब कुणी चालूबंद करतंय असं वाटतं. नात अभ्यासाचं पुस्तक घेऊन शेळीच्या गोठ्यात बसते. बायकोला रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपूर्वी अर्धी होती, आता अख्खी आहे. डॉक्टर म्हणतात वय. असेल. पण पंखाही दोन वर्षांपूर्वीच आला.

गंमत अशी की ज्याच्या रानात पंखा, त्याला पैसे, आणि चौफेर जे राहतात त्यांना आवाज. माझ्या चुलतभावाच्या रानात आहे. आमचं बोलणं बंद आहे. भाऊबंदकी आमच्यात पूर्वीही होती, पण आता तिला सव्वाशे मीटरचा खांब लागलाय. कुतुबमिनार 73 मीटरचा, म्हणजे ही उंची बघा.

आता थोडा हिशोब. पंखा 3 मेगावॅटचा. वर्षाचे तास 8,760. त्यातला पाव वेळच पुरा चालला असं धरलं तरी 65 लाख युनिट होतात. युनिटला साडेतीन रुपये धरले तरी सव्वादोन कोटी. उभा करायला वीस-पंचवीस कोटी लागतात म्हणे, व्याज वेगळं, सगळं कबूल. माझं गणित चुकत असेल तर दुरुस्त करा, पण सव्वादोन कोटींत एक पाईपलाईन बसत नाही?

आणि पाईपलाईनचंच कशाला. ट्रेलरसोबत पोलीस बंदोबस्त येतो, शेतकऱ्यानं अर्ज दिला की बीट अंमलदार रजेवर. वीजवाहिनीचा मनोरा रानात रोवायचा तर 1885 चा तार कायदा दाखवायचे. इंग्रज गेले, पण तो कायदा आमच्या बांधावर बरीच वर्षं कामावर होता. पातं जावं म्हणून महिन्यात रस्ता रुंद होतो, आणि त्याच रस्त्यावर एसटीची मुक्कामी गाडी मागून मी थकलो, जिच्यात मी स्वतः घंटी मारत आलो. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यात पवनचक्कीच्या खंडणीचा विषय कसा निघाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या माळावर पंखे आले तसे पांढऱ्या गाड्या आल्या, दलाल आले, ‘मी मिटवतो’ म्हणणारे आले. तुम्ही तेवढे आला नाहीत. पंखा सुरू झाला तेव्हा बटण दाबलंत, पण ते मुंबईत बसून, पडद्यावर.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. पंचनामा नव्यानं करा. पाईपलाईन जोडून द्या, हरभऱ्याच्या आत. पुढचे पंखे लावताना 500 मीटर मोजताना गावातलं कुणी सोबत घ्या. आणि आजूबाजूच्या घरांनाही वर्षाला काही ठरवून द्या, भीक म्हणून नको, भाडं म्हणून.

चिंचेचा बुंधा अजून बांधावर पडून आहे. लाकूडवाला दोनदा येऊन गेला, मी दिला नाही. झुडूप लिहिणाऱ्यालाच परत पाठवा, सोबत टेप द्या. एकट्याच्या कवेत बसत नाही, दुसरा माणूस मी देतो.

आपला,
एक शेतकरी
(मूळ पत्रावर नाव आणि सही आहे. इथं देत नाही, मला गावातच राहायचंय.)