‘घेऊ का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

जाहीर पत्र तुम्हाला आवडायचं नाही, हे माहीत आहे. पण खासगीत आभार मानले तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

शेवटच्या आजारातल्या माणसांजवळ बसायला जाणारे आम्ही स्वयंसेवक. ‘मरण आठवा म्हणजे जगणं कळेल’ हे वाक्य आमच्या कानांवरून शंभरदा गेलं होतं. पण ते आठवायची एक रीत असते, तिला माप असतं आणि माप चुकलं तर माणूस शहाणा व्हायच्या ऐवजी भित्रा आणि वर खडूस होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. याआधी ज्यांनी हे शिकवायचा विडा उचलला, त्यांनी दिवे घालवले, रडकं संगीत लावलं, मोठ्या माणसांना जमिनीवर आडवं करून तोंडावर चादर ओढली. तासाभराने दिवे लावून ‘आता भरभरून जगा!’ म्हणाले आणि फोटो काढले. एकाने ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा तक्ता भिंतीवर चिकटवला, आठवड्याला एक असे ४,१६० चौकोन. पंधरा दिवसांत तो तक्ता जुन्या कॅलेंडरसारखा दिसेनासा झाला. ऐंशी वर्षं मिळणारच, हे कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या गृहस्थांना पडलाच नव्हता.

मरण आठवायच्या तुमच्या अभ्यासाचं साहित्य एवढंसं. माणशी बारा कोऱ्या चिठ्ठ्या, पत्त्यांतल्या पानाएवढ्या: चार माणसं, चार वस्तू आणि चार कामं, म्हणजे स्वतःला करता येतात अशी. सोबत टोक केलेली शिसपेन्सिल. पेन नाही, कारण पहिलं लिहिलेलं बहुतेकांना खोडावं लागतं. कुणी ‘कुटुंब’ लिहिलं की तुम्ही काही न बोलता त्यांच्यापुढे खोडरबर ठेवायचात. ‘कुटुंब’ फाडताना काही वाटत नाही, त्या शब्दाला चेहरा नसतो. एका चिठ्ठीवर एकच नाव आलं की हात अडतो. ‘आरोग्य’ खोडून ‘कठडा न धरता जिना उतरणं’ आणि ‘वाचन’ खोडून ‘रात्री अंथरुणात चार पानं वाचणं’. एवढं बारीक उतरल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तुमचा नियम. सगळा अभ्यास तिथेच तरतो किंवा बुडतो, हे आता पटलंय.

मग तुम्ही एका आजाराची गोष्ट सांगायचात, सपाट आवाजात. पुन्हा तपासणीला बोलावलं: दोन चिठ्ठ्या फाडा. काम सुटलं: आणखी तीन. न्हाणीघरापर्यंत जायला आधार लागायला लागला: आणखी तीन. प्रत्येक टप्प्यानंतर मिनिटभर शांतता. संगीत नाही, कारण काय वाटून घ्यायचं ते मग संगीतच ठरवतं. शेवटी हातात चार उरतात आणि त्यांतल्या दोन शिकवणाऱ्याने न बघता काढून घ्यायच्या असतात. आजार आपली पसंती विचारत नाही, हे पोचवायला.

इथे बाकीच्यांनी काय केलं, ते सांगायलाच हवं. ते ओढून घेतात. मागून येऊन, कधी हसत. वर ऐकवतात, ‘मरण काय विचारून येतं?’

तुम्ही प्रत्येक खुर्चीजवळ उकिडव्या बसलात. डोळे डोळ्यांच्या उंचीला आणले, तळहात उघडा धरलात आणि विचारलंत, ‘घेऊ का?’ मग थांबलात. काही मुठी लगेच सुटल्या, काही अर्ध्या मिनिटाने. एक सुटलीच नाही. तुम्ही ‘राहू दे’ म्हणालात, गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि पुढच्या खुर्चीकडे गेलात. मागे वळूनही पाहिलं नाहीत. त्या मुठीत काय होतं, हे नंतरही विचारलं नाहीत.

मरण विचारत नाही, कबूल. पण चिठ्ठ्या गोळा करणारा काही मरण नसतो, तो खोलीतला एक माणूस असतो. ज्याच्या हातून हिसकावलं जातं त्याचा श्वास छातीत वर चढतो, जबडा आवळतो आणि आठवणीत राहतो तो हिसका. चिठ्ठीवरचं नाव बाजूलाच पडतं. ज्याला विचारलं जातं तो स्वतः मूठ उघडतो आणि उघडताना ते नाव एकदा वाचतो. सगळा उपयोग त्या एका वाचण्याचा.

तुम्ही सांगितलेला न्यायाधीशांचा प्रयोगही याच जागी लागू पडतो. अमेरिकेतल्या २२ न्यायाधीशांवरचा, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला. काहींना आधी स्वतःच्या मरणाबद्दल प्रश्न विचारले आणि मग सगळ्यांपुढे वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एकच कागदोपत्री प्रकरण ठेवलं. मरण न आठवलेल्यांनी सरासरी ५० डॉलर जामीन लावला, आठवलेल्यांनी ४५५. ओझरतं, चटका देऊन गेलेलं मरण माणसाला आपली मतं घट्ट धरायला लावतं आणि दुसऱ्यावर कडक करतं. अशा प्रयोगांवर पुढे बरेच वाद झाले आणि सगळेच निष्कर्ष पुन्हा करून पाहताना टिकले नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. दुसरा अभ्यास २००४ चा. त्यात मरणाचा प्रसंग तपशिलात डोळ्यांपुढे आणून मागे वळून आयुष्याकडे पाहायला लावलं होतं. तेव्हा पैसा-प्रतिष्ठेमागे असणाऱ्यांची हाव उलट कमी झालेली दिसली. चादर ओढणाऱ्या मंडळींनी लोकांना पहिल्या प्रकारचा चटका दिला आणि दुसऱ्या प्रकारचं फळ मागितलं.

बाकी व्यवस्थेबद्दल फार लिहीत नाही. बारापेक्षा जास्त माणसं नकोत. दार उघडं हवं आणि दाराजवळ दुसरा शिकवणारा हवा, उठून बाहेर गेलेल्यामागे जायला. वर्षभरात घरचं माणूस गेलेल्यांनी थांबावं, हे आधीच सांगायचं. पण एक ओळ पुन्हा लिहितो, कारण ती तुम्ही तीनदा सांगितली होतीत: ‘माझ्याकडे वेळ थोडा आहे’ हा विचार चालेल, ‘मी नसलेलं बरं’ हा विचार आला तर अभ्यास तिथेच बंद आणि डॉक्टर गाठायचा, त्याच दिवशी. आणि चिठ्ठ्यांना पंचवीस मिनिटं लागली असतील तर त्यातून भानावर परत यायला चाळीस. पाय जमिनीवर, पाण्याचा घोट, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. ही चाळीस मिनिटं वाचवणारेच लोकांना रात्रभर जागे ठेवतात.

रोजचं मरण आठवणं तर तुम्ही आणखी लहान केलंत. पाली सुत्तातल्या, म्हणजे पाली भाषेतल्या बुद्धवचनातल्या, भिक्षूंची चढाओढ, मरण कोण किती जवळ धरतो याची: एक म्हणतो, दिवसरात्रभर जगलो तरी पुरे, दुसरा म्हणतो, एका जेवणापुरतं, मग चार-पाच घास, मग एक घास, शेवटचा म्हणतो, एका श्वासापुरतं. बुद्ध फक्त शेवटच्या दोघांना जागरूक म्हणतात. तुम्ही हे कुलपाला बांधून दिलंत. किल्ली फिरवताना एक उच्छ्वास पूर्ण सोडायचा, पुढचा येईलच असं नाही एवढं मनात म्हणायचं आणि दार उघडून आत जायचं. दिवसातून दोन-तीनदा, अंथरुणात पडल्यावर मुळीच नाही. महिनाभरात त्याचा जप होतो आणि अर्थ गळतो. मग कुलूप सोडून दुसरी जागा धरायची: नळ, जिन्याची पहिली पायरी.

आणि चिठ्ठ्यांच्या अभ्यासानंतर अठ्ठेचाळीस तासांत एकच गोष्ट करायची, पाव तासात होणारी. फोन, दोन ओळींचं पत्र, परत करायचं राहिलेलं पुस्तक. मरण आठवून नोकरी सोडणारे आणि डोंगर चढायला निघणारे तुम्हाला फारसे भावत नाहीत, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतं! लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांचं संशोधनही तुमच्याच बाजूचं आहे. वेळ थोडा उरल्याचं जाणवलं की माणसं, तरुण असोत की म्हातारी, ओळखी वाढवत नाहीत, जवळच्या चौघांकडे वळतात. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसाची आणखी दहा वर्षं धरली, तर भेटी उरतात वीस. ४,१६० चौकोनांना जे जमलं नाही, ते या विसाने केलं.

खाटेजवळही तुमचं तेच चालतं. उशी सरकवू का? पडदा ओढू का? शुद्ध नसलेल्या माणसालासुद्धा विचारता आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबता. चांगुलपणा म्हणजे काय, यावर आम्ही पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्यांत थांबण्याचा उल्लेख कुणी केला नव्हता. विचारणारे बरेच असतात, पण विचारून झाल्यावर हात मागे ठेवणारे फार थोडे. त्याला पदवी लागत नाही की खर्च येत नाही, तरी का जमत नाही, देव जाणे.

पुढच्या गटासाठी चिठ्ठ्या कापून ठेवल्या आहेत, अकरा जणांच्या, एकशे बत्तीस. तुमची पेन्सिलींची डबी इथेच राहिली होती. सगळ्यांना टोकं काढून ठेवली आहेत.

तुमचे,
दाराजवळच्या खुर्चीवर पाळीने बसणारे सगळे