रिपोर्ट मला पाठव

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

अंगात ताप असताना तू मालिकेच्या शूटिंगला गेलीस, हे काल दादाकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

मला कळतं गं. तुला दिवसावर पैसे. ज्या दिवशी सेटवर नाहीस, त्या दिवसाचे नाहीत. नायिका आजारी पडली तर तिच्या तारखांप्रमाणे सगळं हलवतात. तिच्या मोठ्या जावेला, म्हणजे तुला, मात्र कथेत माहेरी पाठवतात आणि परत आणायचं विसरूनही जातात. त्यातून झालेल्या कामाचा चेक नव्वद दिवसांनी. म्हणून तू नाही म्हणत नाहीस. पण रक्त तपासलंस का?

१९८७ साली ‘रामायण’ लागायचं तेव्हा मंथरा दिसली की आजी टीव्हीसमोर बोटं मोडायची. त्या ललिता पवार. १९४२ मध्ये शूटिंगच्या वेळी जोरात थप्पड बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं गेली. पुढे त्याच चेहऱ्याने त्यांनी सासवा उभ्या केल्या, आया केल्या, ‘अनाडी’साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर घेतलं. लोक ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मनात येतं, मधली उपचारांची वर्षं त्या बाईंनी कशी काढली असतील?

मेडिक्लेम काढ. मालिका चालू आहे तोवरच काढ, तुझ्या भूमिकेचा ट्रॅक संपल्यावर सुचून उपयोग नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेव, त्याला हात लावू नकोस. आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच जेव, नुसता चहा... बघ, लागले शिकवायला. रागावू नकोस. इतकी वर्षं तू तुझं तू निभावलंस, आमच्याकडे कधी काही मागितलं नाहीस.

परवाचा भाग पाहिला. नायिका रडत होती, कॅमेरा तिच्यावर, तू मागे डबा भरत होतीस. तुला एक वाक्य नव्हतं. पण झाकण लावता लावता तुझा हात थांबला आणि मला कळलं, या जावेला सगळं ठाऊक आहे. बाबांनी तेवढंच पुन्हा लावून पाहिलं. तुला ते सांगायचे नाहीत.

दुसऱ्यांदा पाहताना तुझे ओठ सुकलेले दिसले. खरं सांग, तेव्हाही ताप होता का? रिपोर्ट आला की दादाला नको, मला पाठव.

तुझी,
आई