‘ह्या बायका कुठं गेल्या?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आम्ही काही नर्सेस आज आपापला प्रश्न घेऊन संशोधन करतो, ते तुमच्यामुळे.

संशोधन आमच्याकडे आधीही व्हायचं. फॉर्म यायचे, आम्ही भरायचो, बीपी घ्यायचो, नमुने पाठवायचो. पुढं त्याचं काय झालं, ते कुणी सांगत नसे. तुम्ही संशोधनाच्या पहिल्याच वर्गात 2006 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला अभ्यास पुढ्यात ठेवलात. खेड्यापाड्यातल्या 1620 बाळंतिणी. काहींना बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. औषध नसलेल्या गटात 12 टक्के बायकांना अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत 6.4 टक्के. गोळ्या देणाऱ्या आणि बाळंतिणीखालच्या खुणा केलेल्या प्लास्टिकच्या झोळीत रक्त मोजणाऱ्या होत्या एएनएम सिस्टर, म्हणजे गावपातळीवर बाळंतपणं करणाऱ्या नर्स. ह्या गोळीला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. 2011 साली ती ह्याच कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. त्या दिवशी वर्गात कुणी फारसं बोललं नाही. आमच्यासारख्याच सिस्टरांनी हे केलं होतं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

पण माझ्यापुरतं खरं शिक्षण झालं ते रजिस्टरवर. तुम्ही आमच्या आरोग्य केंद्रात आलात, बाळंतिणींचं रजिस्टर उघडलंत आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत गेलात. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत सगळ्या तपासण्या भरलेल्या, पुढचे रकाने कोरे. मग विचारलंत, “ह्या बायका कुठं गेल्या?” माहेरी, असं आम्ही सांगितलं. आमच्या दृष्टीनं विषय तिथंच संपत होता. तुम्ही मात्र प्रत्येकीच्या नावापुढं माहेरचं गाव लिहायला लावलंत. यादी पुरी झाली तेव्हा कितीतरी गावं चंदगड तालुक्यातली निघाली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर महाराष्ट्रात. दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. इथल्या आशाला दाराला कुलूप दिसतं, तिकडच्या आशाच्या यादीत हिचं नावच नसतं. बाळाला ताप आला, आईचं अंगावरून जाणं थांबेना, तर कुणाला कळायचं? मराठी माणूस सीमाभागाबद्दल खूप बोलतो, पण ही बाळंतीण त्या बोलण्यात कधी आलेली मी ऐकली नव्हती.

कोऱ्या रकान्यांच्या बायका हिशेबातून वगळल्या असत्या तर तक्ते सोपे झाले असते. तुम्ही म्हणालात, ज्यांची माहिती मिळत नाही त्यांच्यावरच काम करायचं. जागतिक आरोग्य समता हे शब्द तोवर मला परदेशातल्या परिषदांचे वाटायचे. अमेरिकेत नर्सिंग संशोधनासाठी 1986 पासून सरकारी केंद्र आहे, तिथं नर्सना शास्त्रज्ञ म्हणून घडवतात, हे तुमच्याकडूनच कळलं. तिथली पद्धत तुम्ही कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांपर्यंत आणलीत, तीही काटछाट न करता. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, मोठ्यानं वाचून दाखवायचं. सासूबाई हो म्हणाल्या म्हणून सुनेची संमती धरायची नाही, तिच्याशी वेगळं बोलायचं. एथिक्स कमिटीचे सगळे प्रश्न आम्हीच सोडवायचे. नाईट ड्यूटी करून आलेल्या आम्हाला कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अभ्यासातला आकडा किती खालीवर असू शकतो ते, समजेपर्यंत तुम्ही पुन्हा पुन्हा समजावलात, आवाज न चढवता.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. वरिष्ठांकडं जाऊन तुम्ही आमच्यासाठी ड्यूटीतून वेळ मागून घेतलात. जगातल्या आरोग्य व्यावसायिकांत 59 टक्के नर्सेस आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा अहवाल सांगतो. तरी संशोधन म्हणजे नर्सनं ड्यूटी संपल्यावर, घरचं आवरून, उरल्या वेळात करायचं काम, असंच अजून धरलं जातं. ते मला मुळीच मान्य नाही, आणि तसं स्पष्ट म्हणायचं धाडस तुम्हाला बघून आलं.

आता कामाचं. चंदगडकडच्या सिस्टरांशी आम्ही बोलणं सुरू केलंय. माहेरी निघालेल्या बाईचं नाव आणि तारीख तिच्या परवानगीनं तिकडं कळवायची, असं ठरतंय. ते किती टिकतं हे मोजायचं कसं, त्याचा आराखडा पाठवते, नेहमीसारखा लाल पेनानं तपासा. नव्या बॅचमधल्या एकीला निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या खोकल्यावर काम करायचं आहे. विड्या घरोघरी वळल्या जातात, मग अभ्यासासाठी त्यातल्या बायका निवडायच्या कशा, इथं ती अडली आहे. दिवाळीनंतर याल तेव्हा पहिला तास तिला द्या.

आपली विद्यार्थिनी,
खानापूर तालुक्यातली एक नर्स