भट्टीवर गेलाय

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्त्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घालत असशील, घाल.

परवा होपवेल फर्नेसला गेलो होतो. खरं म्हणजे सफरचंदांसाठी. तिथे जुन्या वाणांची बाग आहे. आपण तोडायची, वजनावर पैसे द्यायचे. शेजारी लोखंड गाळणाऱ्यांचं अख्खं जुनं गाव आहे, हे तिथे पोचल्यावर उमगलं.

मार्क बर्ड नावाच्या गृहस्थाने १७७१ मध्ये इथली लोखंडाची भट्टी घातली. स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळे ओतले आणि पुढे कर्जात बुडाला. भट्टीला बरे दिवस आले ते १८२० नंतर, बिडाच्या शेगड्यांमुळे. तुझ्या आईचा घावनांचा तवा आठव. तेच बीड.

भट्टी म्हणजे दगडी बुरूज. वरच्या तोंडातून कोळसा, खनिज आणि चुनखडी ओतायची; खाली २२ फुटी पाणचाकाच्या जोरावर रात्रंदिवस हवा फुंकली जायची. वितळलेल्या लोखंडाचा रस वाळूतल्या पाटात सोडायचे. मधला मोठा पाट म्हणजे डुकरीण, आजूबाजूचे छोटे पाट म्हणजे तिला लुचणारी पिल्लं. म्हणून 'पिग आयर्न'! इंजिनिअरिंगला चार वर्षं हा शब्द घोकला, अर्थ आत्ता कळला.

पण दत्त्या, मी अडकलो ते कोळशाच्या ढिगापाशी. एवढी मोठी भट्टी, पण ती चालायची लाकडी कोळशावर. दिवसाला एकरभर रान खायची म्हणतात. कोळसे पाडणारे रानातच झोपडी घालून राहायचे. लाकडं गोल रचायची, वर पालापाचोळा आणि माती लिंपायची, आणि दोन आठवडे धुमसत ठेवायची. कुठे भोक पडून जाळ झाला की सगळी राख. म्हणून झोप नाही. कुठे पोकळ झालंय ते बघायला माणूस त्या धुमसत्या ढिगावर चढून पाय आपटायचा. आत गेला तर गेलाच.

मला आपला चौथीचा वर्ग आठवला. दिवाळीनंतर कातकरवाडीतली पोरं दिसेनाशी व्हायची. गुरुजी हजेरी घ्यायचे, मागून कुणीतरी ओरडायचं, "भट्टीवर गेलाय!" आणि आपण सगळे हसायचो. शेठची उचल आई-बापाने घेतलेली, फेडायला पोरांसकट सगळं घर रानात, कोळसे पाडायला. पावसाच्या तोंडावर परत यायची, तोवर परीक्षा उरकलेली.

होपवेललाही कामगारांचा हिशेब मालकाच्या दुकानाच्या वहीतच. रोकडा क्वचितच. वह्या मात्र जपून ठेवल्यात, नावानिशी कुणी किती केलं ते सापडतं. आपल्या शेठची वही कुठे असेल रे?

१८८३ मध्ये होपवेलची भट्टी कायमची विझली. मोठे कारखाने दगडी कोळशावर आणि कोकवर (तोच कोळसा भाजून केलेलं इंधन) गेले होते, हिचा निभाव लागेना. १९३८ पासून सरकारने ती स्मारक म्हणून राखली आहे. नवल म्हणजे, रान पुन्हा दाट झालंय, तरी त्यात गोल सपाट जागा ओळखू येतात. उकरलं तर माती काळी.

एक काम कर. देवराईच्या वरच्या अंगाला, जिथून आपण धूर बघायचो, तिथे एकदा चढून ये. जमीन गोल, सपाट लागते का बघ. आणि त्या वर्गातलं कुणी गावात भेटलं तर नाव कळव. मला एकाचंही नाव आठवत नाहीये.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या