आजोबांच्या सेवानोंदीत राहून गेलेली ओळ

वाळपई, सत्तरी, गोवा

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजोबांच्या डिस्चार्ज बुकाची छायाप्रत तू बारकाईने वाचलीस आणि पदकांच्या रकान्यात ‘पूर्वी स्टार’ हे १९७१ च्या युद्धातल्या पूर्व आघाडीचे पदक नाही हे पाहून तुला राग आला, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. तो राग योग्यच आहे. मात्र नोटीस पाठवून थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाण्याचा जो विचार तू मांडला आहेस, त्यावर मला सविस्तर लिहिले पाहिजे. तू वकिली करतेस, कायदा माझ्यापेक्षा तुला अधिक कळतो. परंतु मामलेदार कचेरीत माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या नोंदी दुरुस्त करण्यात गेली आणि त्या अनुभवावरून सांगतो की, दुरुस्ती मागणाऱ्याने नेमके काय मागायचे हे आधी ठरवले नाही, तर खरी असलेली गोष्टही वर्षानुवर्षे टेबलांवरून फिरत राहते.

आजोबांच्या बुकात रक्षा पदक १९६५, सैन्य सेवा पदक, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे १९७२ चे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक, एवढ्या नोंदी आहेत. १९७१ च्या युद्धासाठी सरकारने एकच पदक काढले नव्हते. पूर्व आघाडीवर लढलेल्यांसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर लढलेल्यांसाठी पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी सर्वसाधारण असे संग्राम पदक होते. आजोबांच्या नावावर फक्त संग्राम पदक असल्यामुळे कागद वाचणाऱ्याला असेच वाटणार की हा जवान त्या डिसेंबरात देशातल्या एखाद्या छावणीत होता. वास्तविक ते आपल्या पलटणीबरोबर सीमा ओलांडून पूर्व पाकिस्तानात गेले होते. रात्रीच्या वेळी नावेतून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना त्यांचा पाय घसरला, पेटी नडगीवर पडून हाड मोडले, आणि त्यांना मागे फील्ड अँब्युलन्सकडे, म्हणजे आघाडीजवळच्या वैद्यकीय तुकडीकडे, व तेथून लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. बरे झाल्यावर त्यांना रेजिमेंटच्या सेंटरवर आणि पुढे दुसऱ्याच पलटणीत धाडले. जुन्या पलटणीने स्टारसाठी नावांची यादी केली तेव्हा ते तिच्या हजेरीपटावर नव्हते, आणि नव्या पलटणीत ते युद्धानंतर दाखल झाले होते. ओळ बहुधा या दोन याद्यांच्या मध्ये गळाली असावी. पण हा आपला तर्क आहे, म्हणून अर्जात तो लिहू नकोस. अर्जात फक्त घडलेले लिहायचे. ते नोंदीत का आले नाही हे शोधण्याचे काम ज्यांच्याकडे नोंदी आहेत त्यांचे आहे.

फौजेत नोंद कशी होते हे तुला ठाऊक असणे आवश्यक आहे. जवानाच्या आयुष्यात जे काही घडते, म्हणजे भरती, बढती, रजा, लग्न, मूल होणे, रुग्णालयात दाखल होणे, पदक मिळणे, ते पार्ट टू ऑर्डर या पलटणीच्या लेखी आदेशात प्रसिद्ध होते. त्या आदेशाच्या आधारे अभिलेख कार्यालयात जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, नोंद चढते, आणि सेवा संपताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. माझा जन्म वाळपईला झाला, तरी तोही अशाच एका पार्ट टू ऑर्डरमध्ये छापला गेला होता आणि त्या आदेशाचा क्रमांक आजोबा अजूनही तोंडपाठ सांगतात. तेव्हा डिस्चार्ज बुकात पदक नाही म्हणजे ते दिलेच नव्हते, असे गृहीत धरता येत नाही. आदेश निघाला आणि शीट रोलवर चढवायचा राहिला, हे एक; शीट रोलवर आहे पण बुकात उतरवताना सुटले, हे दुसरे; आणि आदेशच निघाला नाही, हे तिसरे. पहिल्या दोन गोष्टींत केवळ नोंद दुरुस्त करून मागायची असते. तिसऱ्यात पात्रता सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी पुरावा लागतो. आपण यांपैकी कोठे उभे आहोत हे समजल्याशिवाय नोटीस पाठवणे मला पटत नाही.

म्हणून पहिला कागद माहितीच्या अधिकाराखालचा असावा. २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून आजोबांच्या शीट रोलची साक्षांकित प्रत, डिसेंबर १९७१ ते पुढच्या वर्षअखेरपर्यंत त्यांच्यासंबंधी निघालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती आणि रुग्णालयातील दाखल्याची नोंद मागायची. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. हा अर्ज आजोबांच्याच नावाने आणि सहीने गेला पाहिजे, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून ती नाकारली जाऊ नये. सही भरतीच्या वेळी करत तशीच, देवनागरीत आणि पूर्ण नावाची हवी. हात थरथरतो, पण ते करतील.

नावाचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागेल. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. जन्मनोंदीत आपले गावकर हे आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘सी’ अक्षर घेऊन आले आहे; मुक्तीनंतर १९६३ साली ते भरती झाले तेव्हा भरती करणाऱ्या कारकुनाने ते ऐकून ‘के’ अक्षराने लिहिले आणि गावाचे नावही वेगळ्याच तऱ्हेने मांडले. आधार कार्डावर तिसराच प्रकार आहे. गोव्यातल्या त्या पिढीच्या बहुतेक घरांत हे असेच आहे, आणि बाहेरच्या अधिकाऱ्याला त्यामागचे कारण माहीत असण्याचे कारण नाही. तेव्हा या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून आधीच जोडावे. फौजेशी पत्रव्यवहार करताना मात्र फौजेतलेच स्पेलिंग आणि आर्मी नंबर वापरावा. तो नंबर हीच त्यांची खरी ओळख आहे. पदकाच्या कडेवर कोरतात तोही नंबर, हुद्दा आणि नाव.

पुरावा म्हणून आपल्याकडे जे आहे त्यात आजीने सांभाळलेले एक आंतर्देशीय पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते. पाठवणाऱ्याच्या जागी आजोबांचा नंबर, हुद्दा, पलटण आणि ‘मार्फत ९९ एपीओ’ एवढेच आहे. शिक्क्यात गावाचे नाव नाही, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि डिसेंबर ७१ ची तारीख. ९९ एपीओ हा पूर्वेकडील सैन्याचा टपाल पत्ता. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे ५६ एपीओ असे. पत्रात घरच्या भाताची आणि गुरांची चौकशी आहे, युद्धाबद्दल एक अक्षर नाही. हे पत्र एकटे पुरेसे नाही; पण रुग्णालयाच्या चिठ्ठीवरील तारीख आणि त्यांच्या कंपनीतल्या, आता सावंतवाडीकडे राहणाऱ्या सोबत्याचे प्रतिज्ञापत्र यांच्या जोडीला ठेवले तर तिन्ही एकमेकांना आधार देतात. त्या सोबत्याचेही वय झाले आहे, म्हणून त्यांचे प्रतिज्ञापत्र मी या महिन्यातच करून घेतो. मूळ कागद कोणालाही पाठवायचा नाही. डिस्चार्ज बुक तर घराबाहेर जाऊच द्यायचे नाही.

प्रती हाती आल्यावर मुख्य अर्ज रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाच्या प्रमुख अधिकाऱ्यांना करायचा आणि त्याची एक प्रत पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवायची. नोंदीत आज काय आहे, काय नाही, कोणत्या कागदावरून ते असायला हवे आणि आम्ही काय मागतो, एवढेच त्यात एका पानावर यावे. पूर्वी स्टारच्या पात्रतेच्या अटी ज्या मूळ आदेशात आहेत, त्याचा उल्लेख कर आणि आजोबांची सेवा त्यात कशी बसते ते दाखव. वाघासारखे लढले, देशासाठी रक्त सांडले, असली वाक्ये नकोत. ती आजोबांनाही आवडणार नाहीत.

यावरून दुसरी गोष्ट. पाय मोडला त्याअर्थी पराक्रम पदकही मागावे, असे तू सुचवले आहेस आणि गावातलेही एक-दोन जण तसे म्हणतात. ते मागायचे नाही. ते पदक, ज्याला फौजेत वूंड मेडल म्हणतात, शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यासाठी आहे. आजोबांचा पाय पेटीखाली सापडून मोडला. वेदना तितकीच, पण हक्क वेगळा. जे मिळवलेले नाही ते अर्जात घातले तर जे मिळवलेले आहे त्यावरचाही विश्वास उडतो. आणि तसे नसते तरी मी ते घालू दिले नसते. शौर्यपदक मिळणे हा निर्णयाचा भाग असतो, त्यासाठी शिफारस लागते. मोहिमेचे पदक तसे नाही. त्या आघाडीवर सेवा केली की ते मिळते, शिपायाला आणि कर्नललाही. आपण कोणाची मेहेरबानी मागत नाही, हे तुझ्या मसुद्याच्या भाषेत दिसले पाहिजे.

पलटणीचा मान आणि जवानाचा मान यांतला फरकही ध्यानात घे. त्या युद्धात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईचा मान पहिल्या मराठा पलटणीला मिळाला, तो तिच्या इतिहासात कायमचा लिहिलेला आहे आणि कोणी पुसू शकत नाही. एका जवानाचे असणे मात्र त्याच्या शीट रोलवरच्या एका ओळीत असते. ती नसली तर तो तेथे होता हे सांगायला फक्त माणसे उरतात, आणि ती माणसे आता झपाट्याने जात आहेत. म्हणूनच मला हे आजोबांच्या हयातीत करायचे आहे. पेन्शनमध्ये यामुळे एका रुपयाचाही फरक पडणार नाही, कारण मोहिमेच्या पदकाला भत्ता नसतो. छावणीतल्या दुकानात तयार स्टार विकत मिळतो, तो आणून कोटाला लावा, असे एका शेजाऱ्याने सद्भावनेनेच सुचवले होते. आजोबांनी नुसती मान हलवून नकार दिला. १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाला ते आपली पाचच पदके लावून गेले.

न्यायाधिकरणाचे दार बंद आहे असे मी म्हणत नाही. गोवा मुंबई खंडपीठाच्या कक्षेत येतो, आणि न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २१ तू माझ्याहून चांगले जाणतेस: उपलब्ध मार्ग आधी वापरले पाहिजेत, आणि अर्जावर सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर ते वापरले असे धरता येते. त्यानंतरची मुदत कलम २२ मध्ये आहे. म्हणून अर्ज स्पीड पोस्टने पाठव, पोचपावती जपून ठेव आणि तारीख दोन ठिकाणी लिहून ठेव. उत्तर नकारार्थी आले किंवा आलेच नाही, तर तू खुशाल दावा लाव. मी मुंबईला तुझ्याबरोबर येईन.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही पाठव. मराठीतला मी आजोबांना वाचून दाखवीन, आणि त्यांनी एखादी तारीख किंवा जागा दुरुस्त केली तर ती जशीच्या तशी घेऊन मगच इंग्रजी प्रतीवर त्यांची सही घेऊ. पोस्टल ऑर्डर मी येथील पोस्टातून काढून ठेवतो.

तुझे बाबा