अडीच लाखांचा हिशेब

फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मधल्या काकांच्या पोराला एजंटानं जर्मनीचे "महिन्याचे अडीच लाख" सांगितले, आणि तो आकडा खरा की खोटा, असं तुम्ही विचारलं. आकडा खोटा नाही, पण त्याची बेरीज अर्धवट केलेली आहे. सगळं फोनवर सांगून होणार नाही म्हणून लिहून पाठवते. काकांनाही वाचून दाखवा.

आधी अडीच लाख आले कुठून ते पाहू. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. २०१५ साली हा कायदा लागू झाला तेव्हा ८.५० होतं, आणि पुढच्या वर्षी १४.६० होणार आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे सुमारे १७३ तास होतात, म्हणजे २,४०९ युरो. युरो सध्या शंभर रुपयांच्या वरच आहे, पण तोंडी हिशेबाला शंभर धरू. झाले दोन लाख चाळीस हजार. एजंटानं तेवढा गुणाकार केला आणि तिथंच थांबला.

पण ही रक्कम हातात येत नाही. आपल्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं तेव्हा रोख किती आणि ज्वारी-कपडालत्ता किती, हे आपण वेगळं बोलतो. तसंच हे. पगारातून आधी पेन्शनचे ९.३ टक्के जातात. मग आरोग्य विम्याचे ७.३ आणि त्यावर विमा मंडळाचा जादा हिस्सा, बेरोजगारी विम्याचे १.३, म्हातारपणी सेवा लागली तर त्याच्या विम्याचे २.४ (मूलबाळ असेल तर १.८). ही कपात २२ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि मालकही जवळपास तेवढेच भरतो. त्यावर आयकर. एकट्या माणसाच्या हातात शेवटी सुमारे १,७०० युरो पडतात. कापलेले पैसे पाण्यात गेले असं मात्र समजू नका. दवाखान्यात भरती झालं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस, एवढंच खिशातून जातं. आपल्याकडे एका ऑपरेशनपायी वावर गहाण पडतं, म्हणून ही रक्कम तुलनेत धरलीच पाहिजे.

आता आपली बाजू. देशातल्या श्रमशक्ती पाहणीत एप्रिल ते जून २०२४ मध्ये रोजमजुराची सरासरी मजुरी दिवसाला ४३३ रुपये निघाली आणि नियमित पगारदाराची महिन्याला २१,१०३ रुपये. रोजगार हमीवर आपल्या राज्यात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. आठ तासांनी भागलं तर ४३३ चे तासाला ५४ रुपये होतात. तिकडचे तासाचे १,३९० रुपये. म्हणजे पंचवीस पट, आणि तेही आपली सरासरी आणि त्यांचं किमान घेऊन.

तुलना महिन्याची करू नका, तासाचीच करा. आपल्याकडे महिन्याचा दर २६ दिवसांचा धरतात, आठ तासांप्रमाणे २०८ तास. तिकडे १७३. महिन्याला महिना लावला की तिथेच पस्तीस तासांची गफलत होते.

पण पंचवीस पट पैसा म्हणजे पंचवीस पट सुख नव्हे. युरोचे बँकेत शंभर रुपये मिळतात, मात्र जर्मनीत एका युरोत जेवढी वस्तू येते तेवढी आपल्याकडे साधारण २८ ते ३० रुपयांत येते. जागतिक बँक यासाठी दोन्ही देशांतल्या वस्तू आणि सेवांचे भाव ताडून वेगळा दर काढते. त्या दरानं तेरा युरो नव्वद सेंट म्हणजे आपले चारशेच्या आसपास रुपये. पंचवीस पट उतरून सात-साडेसात पट होते. तरीही फरक मोठाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

बाबा, खरी मेख पुढे आहे. बरेच लोक एक तर सगळा पगार शंभरनं गुणतात, नाही तर सगळा तिसानं. दोन्ही चूक. जो पैसा तिथेच खर्च होतो तो त्यांच्या बाजारभावानं मोजायचा आणि जो गावाकडे येतो तो बँकेच्या भावानं. म्हणून पगार किती हे नंतर विचारा. आधी विचारा, उरतं किती.

१,७०० युरोंतून भागीच्या घरातली एक खोली ५०० च्या आसपास धरू. म्युनिकसारख्या शहरात ती बरीच महाग पडते, लहान गावात कमी. भाड्याचे दोन आकडे असतात, एक थंड आणि एक गरम. गरम म्हणजे हीटर-पाण्यासकट. एजंट नेहमी थंड सांगतो. वर तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी अनामत आधीच भरावी लागू शकते. स्वतः रांधलं तर किराणा अडीचशे. देशभरच्या बस आणि साध्या रेल्वेचा महिन्याचा पास ६३ युरो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे १८.३६, टीव्ही नसला तरी. (हे ऐकून आई हसेल.) फोन, थंडीचे कपडे, किरकोळ विमे, सरकारी कागदपत्रं यांचे दीड-दोनशे ठेवा. हात आखडून राहिलं तर सहाशे-सातशे युरो उरतात, म्हणजे साठ-सत्तर हजार. अडीच लाखांचे साठ हजार झाले. तरी वाईट नाहीत! पण एजंटासाठी पाच लाख शेकडा तीननं उचलले, तर महिन्याला पंधरा हजार नुसत्या व्याजात जातील आणि मुद्दल जागच्या जागी राहील.

'सरासरी' या शब्दाचंही सांगते, कारण एजंटाच्या कागदावर दुसरा आकडा असेल, "सरासरी पगार वर्षाला ६२,००० युरो". तो २०२४ चा खरा आकडा आहे, ६२,२३५. पण गावात नऊ घरांना चार-चार एकर आणि एका घराला चौसष्ट एकर असेल, तर सरासरी दहा एकर निघते आणि दहा एकरवाला गावात एकही नसतो. म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करून मधल्या माणसाचा पगार पाहायचा. तो ५२,१५९ युरो होता, दहा हजारांनी कमी. तोही फक्त पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांचा, आणि कपातीच्या आधीचा. आपल्या एकवीस हजारांनाही हेच लागू. त्या पगारदारांत तुमच्यासारखे शेतकरी नाहीतच. घरच्या माणसांची मजुरी हमीभावाच्या हिशेबात धरतात, पण ती दरमहा कुणाच्या हातावर ठेवत नाहीत.

आई, तुझ्या कामाची एक गोष्ट इथे येते. कापूस वेचायला किलोवर मजुरी असते. किलोला दहा रुपये धरले आणि भरल्या पऱ्हाटीत बाईनं पस्तीस किलो वेचला तर साडेतीनशे झाले. शेवटच्या वेच्याला बोंडं विरळ असतात, तिथे तोच दिवस घालून पंधरा-वीस किलो येतो आणि मजुरी दीडशे-दोनशेवर उतरते. जर्मनीत स्ट्रॉबेरी तोडायला पोलंड-रुमानियाचे मजूर येतात, त्यांनाही अनेकदा वजनावरच देतात. मात्र वजनाचा हिशेब तासाला १३.९० च्या खाली गेला तर फरक मालकानं भरायचा. आपल्याकडेही १९४८ च्या किमान वेतन कायद्याचं १७ वं कलम हेच सांगत होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. फरक अंमलबजावणीत आहे. तिकडे कस्टम खात्याचे लोक अचानक शेतात येऊन हजेरीचे तास तपासतात, अशा कामांत ते तास लिहून दोन वर्षं जपावे लागतात आणि किमान वेतन बुडवलं तर दंड पाच लाख युरोंपर्यंत जातो. आपल्याकडे वजनकाटा मालकाचा आणि वहीही मालकाचीच.

पोराकडे वळते. त्याचं आयटीआय इलेक्ट्रिशियनचं आहे. तिकडे या कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, त्यामुळे आपलं प्रमाणपत्र बहुधा पूर्ण नव्हे, अंशतःच मान्य होतं आणि उरलेलं तिथे जाऊन पुरं करावं लागतं. बिनकौशल्याच्या किमान वेतनाच्या कामासाठी भारतातून सहजी व्हिसा मिळतच नाही, तेव्हा "पॅकिंगचं काम, भाषा लागत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. शिकाऊ म्हणून नेत असतील तर १३.९० चा नियम लागू नाही. पहिल्या वर्षाचा किमान भत्ता महिन्याला ७२४ युरो आहे. नर्सिंग शिकणाऱ्यांना मोठ्या रुग्णालयांत याच्या जवळपास दुप्पट मिळतो. शिकाऊसाठी जर्मन भाषेची बी-१ पातळी (रोजचं बोलणं-लिहिणं जमण्याइतकी) मागतात, परिचारिकेला बहुधा तिच्या वरची बी-२. रोज अभ्यास केला तरी वर्ष धरूनच चाला. आपल्या सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्याची चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी आधी करायला सांगा.

एजंट नोंदणीकृत असेल तर त्याचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यादीत असतं, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. पाच लाख मागतो तर कशाचे, ते पावतीवर लिहून घ्या.

काकांना म्हणावं, इसार देण्याआधी करारनामा मागा आणि त्यात पगार तासाचा आहे की महिन्याचा, आठवड्याचे तास किती लिहिलेत, खोलीचे पैसे पगारातून कापणार का, आणि नोकरी सोडली तर दंड किती, एवढं शोधा. तासाचा दर लिहिलाय पण आठवड्याचे तास लिहिले नाहीत, असं असेल तर सही करू नका; बारा तासांच्या आठवड्यालाही तासाला १३.९० च मिळतात आणि महिन्याला जेमतेम सव्वासातशे युरो होतात. करार जर्मनमध्ये असला तर सगळ्या पानांचे फोटो काढून मला पाठवा, मागची बाजूही. घाई म्हणून कुणी मूळ मार्कशीट किंवा पासपोर्ट ठेवून घेत असेल तर देऊ नका, झेरॉक्स द्या.

तुरीचं मोजमाप झालं का ते कळवा. आई, गुडघ्याचं औषध संपायच्या आत सांग.

तुमची,
मोठी