नऊ वर्षांची चूक

मॅडम, स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर जुन्या कागदांची मोडी लिपी शिकायला आलो, तेव्हा वर्गात वयानं सगळ्यांत मोठा मीच. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या. समोर आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले दोन महिने मला पानावर नुसती वळणं दिसायची. आधी रेघ ओढलेली, तिला लटकलेली अक्षरं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘मोठ्यानं वाचा,’ तुम्ही म्हणालात. शब्द कुठं तुटतो ते डोळ्यांच्या आधी कानाला कळलं. ‘राजश्रियाविराजितराजमान्यराजश्री’ हा पत्राचा मायना एका दमात सुटला, त्या दिवशी घरी जाताना मी तेच पुटपुटत होतो.

मग माझा पहिला लेख. ओढ्याच्या पाण्याच्या वाटणीचा कागद, शेवटी ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७१. मी तो फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतला सन धरला, इसवी सनासाठी ५९० मिळवले, १७६१ काढलं आणि पानिपतच्या धक्क्यानं खचलेलं गाव रंगवत तीन पानं लिहून काढली. खर्डा वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, ‘हा सुहूर ना?’ अरबी आकडे शब्दांत लिहिलेत, म्हणजे सुहूर, मराठेशाहीच्या कागदांतली दुसरी कालगणना. त्याला ५९९ मिळवायचे. (दोन्ही सन मृगाला सुरू होतात, कागद जानेवारी ते पुढच्या मृगाच्या दरम्यानचा असता तर ६००.) वर्ष निघालं १७७०, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतलं. त्या गावाचं खचणं कागदात कुठंच नव्हतं, ते माझ्या मनातलं होतं. तीनही पानं फाडली. छापून आली असती तर पुढचा कुणीतरी त्यांवर विसंबला असता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

घडीवर कसरीनं खाल्लेला एक शब्द होता. मला तो ‘पाट’ वाटत होता, अर्थही चपखल बसत होता. तुम्ही दोन रविवार भिंग घेऊन माझ्याशेजारी बसलात आणि शेवटी माझ्या वहीत त्या जागी तीन टिंबं काढलीत. लेखातही ती तशीच छापली आहेत.

पुढच्या रविवारी नवा कागद घेऊन येतो. वर्ष मी काढलंय, पण आधी तुम्ही वाचा.

आपला विद्यार्थी